हाताला ठाऊक असलेली गाडी

मार्च २०१९ मध्ये जर्मनीत एक चालक मुसळधार पावसात टेस्ला गाडी चालवत होता. वायपर सुरू होता, पण पाऊस वाढल्यामुळे त्याची गती बदलायची होती. वायपर चालू करण्याची सोय त्या गाडीत स्टिअरिंगपाशी होती. गती निवडायची सोय मात्र डॅशबोर्डच्या मध्यभागी बसवलेल्या टचस्क्रीनवर. चालकाने पडद्याकडे पाहिले, बोटाने जागा शोधली, आणि तेवढ्यात गाडी रस्ता सोडून कडेच्या फलकावर आणि झाडांवर आदळली. कनिष्ठ न्यायालयाने त्याला २०० युरो दंड केला आणि एक महिना गाडी चालवायला बंदी घातली. तो अपिलात गेला. २७ मार्च २०२० रोजी कार्ल्सरूह येथील वरिष्ठ न्यायालयाने शिक्षा कायम केली. चालत्या गाडीत मोबाइल हाताळण्याविरुद्ध जे कलम आहे, त्याच कलमात गाडीत बसवलेला पडदाही येतो, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. त्या पडद्यावरून गाणी लावली की वायपर चालवला, याने फरक पडत नाही. रस्त्याची परिस्थिती पाहून क्षणभर नजर टाकण्याइतकीच मुभा.

निकाल कायद्याला धरून आहे आणि मला तो चुकीचा वाटत नाही. पण तो वाचताना एक गोष्ट सतत टोचत राहते. वायपरची गती पडद्यावर नेऊन ठेवायचे ज्यांनी ठरवले, त्यांचा या खटल्यात कुठेच संबंध आला नाही. पावसात वायपर हवाच, आणि तो हवा तेव्हा रस्ता सर्वांत कमी दिसत असतो. नेमक्या त्या वेळी रस्त्यावरून नजर काढायला लावणारी रचना निर्दोष ठरली आणि नजर काढणारा माणूस दोषी. गाडीच्या आतल्या मांडणीविषयी लिहिताना मला हा हिशेबच तपासून पाहायचा आहे: चूक कोणाच्या टेबलावर जन्माला येते आणि कोणाच्या नावावर चढते.

हा हिशेब पूर्वी एकदा नीट मांडला गेला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसत. वैमानिकाला पंखांच्या मागच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, मिटायच्या असत आणि तो चुकून चाके मिटत असे. ‘वैमानिकाची चूक’ अशी नोंद होई. अल्फॉन्स चापानिस हा तरुण मानसशास्त्रज्ञ विमानाच्या कॉकपिटमध्ये जाऊन बसला आणि त्याला दिसले की दोन्ही खटके शेजारी शेजारी आहेत आणि हुबेहूब सारखे आहेत. त्याने चाकांच्या खटक्यावर छोटे रबरी चाक बसवले आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा. अंधारात, घाईत, थकलेल्या हाताला स्पर्शाने कळू लागले की आपण काय धरले आहे. त्या चुका थांबल्या. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या ४६० चुकांचा अभ्यास केला आणि हेच दाखवून दिले की ‘माणसाची चूक’ म्हणून जे मांडले जाते त्यातले बरेचसे यंत्राच्या मांडणीत आधीच रचलेले असते. विमानांच्या खटक्यांना कोणता आकार असावा हे नंतर नियमांतच आले.

मोटारींनी हा धडा फारसा गाजावाजा न करता आत्मसात केला होता. इंडिकेटरची दांडी, हेडलाइटचा फिरता खटका, एसीची तीन गोल बटणे. नव्या गाडीत आठवडाभर चाचपडले की पुढे डोळ्यांचे काम उरत नसे. माझ्या पिढीने ज्या गाड्या चालवल्या त्यांत सुखसोयी कमी होत्या, पत्रा पातळ होता, एअरबॅग नव्हत्या. त्या गाड्यांचे गोडवे गायचे मला कारण नाही. पण हाताला त्या पाठ होत्या.

टचस्क्रीन ही काही आजची चूक नाही. १९८६ च्या ब्यूक रिव्हिएरा गाडीत जनरल मोटर्सने जुन्या दूरचित्रवाणी संचासारख्या नळीचा, हिरव्या अक्षरांचा स्पर्शपडदा बसवला होता. एसी आणि रेडिओ त्याच्यावरून चालत. ग्राहकांना तो रुचला नाही. रेडिओचा आवाज कमीजास्त करायला मान वळवावी लागते, ही तेव्हाचीच तक्रार. १९९० च्या मॉडेलमध्ये साधी बटणे परत आली. म्हणजे प्रयोग झाला होता, निकाल लागला होता. मग पंचवीस वर्षांनी तोच प्रयोग साऱ्या जगात पुन्हा का झाला?

लोक याचे उत्तर ‘टेस्ला’ असे देतात. २०१२ च्या मॉडेल एसमधला १७ इंची उभा पडदा आणि २०१७ च्या मॉडेल ३ मध्ये चालकासमोरचा वेगदर्शकही काढून तो मधल्या पडद्यावर नेण्याचे धाडस, यांचा प्रभाव आहेच. पण मला दुसरी दोन कारणे अधिक वजनाची वाटतात. पहिले विचित्र आहे: पडदा सुरक्षेच्या नियमाचा हात धरून आत आला. अमेरिकेत मे २०१८ पासून प्रत्येक नव्या मोटारीला मागचे दृश्य दाखवणारा कॅमेरा सक्तीचा झाला. मागे खेळणारी मुले गाडीखाली येऊ नयेत हा त्यामागचा हेतू, आणि तो रास्तच. कॅमेरा म्हटला की पडदा आलाच. पडदा आहेच तर बटणांवर वेगळा खर्च कशाला? प्रत्येक बटणामागे साचा असतो, वायर असते, जोडणी असते, चाचणी असते. पडद्यावरचे बटण म्हणजे एक चित्र. दहा मॉडेलांना तोच पडदा चालतो आणि गाडी विकल्यानंतरही चित्र बदलता येते.

दुसरे कारण म्हणजे शोरूम. तिथे गाडी उभी असते. खरेदीला आलेला माणूस आसनात बसतो, दोन्ही डोळे मोकळे असतात, शेजारी विक्रेता पडद्यावर बोट फिरवून ‘हे बघा साहेब’ म्हणत असतो. उभ्या गाडीत मोठा पडदा जिंकतो, यात नवल नाही. गाडीची परीक्षा जिथे होते आणि गाडी जिथे वापरली जाते त्या दोन जागांत शंभर किलोमीटर वेगाचे अंतर आहे.

त्या वेगाचे गणित साधे आहे. ताशी १०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागावरची मर्यादा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. दोन सेकंद पडद्याकडे पाहिले की ५५ मीटर न पाहता पार झाले. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने शंभर गाड्यांत कॅमेरे बसवून केलेल्या अभ्यासाचा अहवाल २००६ मध्ये आला. दोन सेकंदांहून अधिक काळ नजर रस्त्यावरून हटली की अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका निदान दुप्पट होतो, हा त्यातला निष्कर्ष. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: एका वेळची नजर सरासरी दोन सेकंदांच्या आत, आणि पूर्ण कामाला मिळून बारा सेकंदांहून अधिक नाही. हे तपासायची एक युक्ती मला फार आवडते. चालकाच्या डोळ्यांवर असा चष्मा चढवतात की ज्याच्या काचा दीड सेकंद पारदर्शक आणि दीड सेकंद अपारदर्शक होत राहतात. अशा तुकड्या-तुकड्यांच्या नजरेत काम उरकले तर ते पास. पण या सगळ्या सूचना ऐच्छिक आहेत. पाळल्या नाहीत म्हणून कोणाला शिक्षा नाही.

स्वीडनच्या ‘वी बिलेगारे’ या मोटारविषयक नियतकालिकाने २०२२ मध्ये एक चाचणी घेतली, ती कोणालाही समजेल अशी आहे. अकरा नव्या गाड्या आणि सोबत २००५ ची एक व्होल्वो व्ही-७०. बंद धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना चालकाने चार कामे करायची: आसनाची ऊब आणि काचेवरची वाफ घालवणारा झोत सुरू करून तापमान वाढवायचे, रेडिओवर ठरावीक केंद्र लावायचे, प्रवासाची नोंद शून्यावर आणायची, डॅशबोर्डचा उजेड मंद करून पडदा बंद करायचा. चालकांना गाडीची ओळख करून घ्यायला आधी वेळ दिलेला होता. सतरा वर्षांच्या जुन्या व्होल्वोत हे सारे दहा सेकंदांत, ३०६ मीटरमध्ये आटोपले. एमजी मार्व्हल आर या गाडीला ४४.९ सेकंद लागले. तेवढ्यात ती १,३७२ मीटर पुढे गेली होती. बीएमडब्ल्यू आयएक्सला ३०.४ सेकंद, टेस्ला मॉडेल ३ ला २३.५. आणि स्वस्तातली डाचिया सँडेरो १३.५ सेकंदांत मोकळी झाली. चाचणी छोटी होती, कामे संपादकांनीच निवडली होती, वैज्ञानिक अभ्यास म्हणून ती मिरवता येणार नाही. तरी चौपटीहून अधिक फरक चाचणीच्या उणिवांनी समजावून देता येत नाही.

आता आपल्या रस्त्यांकडे येतो, कारण युरोपातल्या या चर्चेत आपल्याकडची एक साधी गोष्ट सुटते. आपली गाडी उजव्या हाताची. मधला पडदा आपल्या डावीकडे येतो आणि बोट चालवायचे ते डावे. बहुतेकांचा तो कच्चा हात. शिवाय आपल्याकडे अजूनही मोठ्या संख्येने गाड्या हाताच्या गिअरच्या आहेत, म्हणजे घाटात हा डावा हात आधीच कामाला लागलेला असतो. लक्ष्य जितके लहान आणि लांब तितके ते गाठायला वेळ अधिक, हे फिट्सनेच १९५४ मध्ये सूत्रात बसवले. त्या सूत्रातले लक्ष्य निदान स्थिर होते. खड्ड्यातून जाणाऱ्या गाडीत लक्ष्यही हलते आणि बोटही.

गेल्या पावसाळ्यात भाच्याच्या नव्या गाडीतून पोलादपूरहून आंबेनळी घाट चढत होतो. गाडी कोणत्या कंपनीची ते महत्त्वाचे नाही. चार माणसे, ओले कपडे, खिडक्या बंद. तिसऱ्या-चौथ्या वळणाला पुढची काच आतून पांढरी झाली. अशा वेळी काय करायचे ते कोकणातल्या कोणत्याही चालकाला माहीत असते: एसी चालू, झोत काचेवर, पंखा पूर्ण. जुन्या गाडीत तीन हालचाली, तिन्ही न बघता. इथे पडद्यावर नकाशा उघडा होता. नकाशा हटवून एसीचे पान उघडायचे, त्यात काचेचे चित्र शोधायचे, आणि तिथे काचेची चित्रे दोन. एक पुढच्या काचेचे, एक मागच्या. भाच्याने मागच्या काचेचे दाबले. “मामा, तुम्ही बघा ना जरा, मला वळण दिसत नाहीये,” तो म्हणाला. मी चष्मा शोधू लागलो. शेवटी त्याच्या बायकोने मागून पुढे वाकून ओढणीने काच पुसली आणि आम्ही ते वळण घेतले. काही झाले नाही. झाले असते तर पंचनाम्यात काय लिहिले गेले असते, ते जर्मन निकाल वाचल्यापासून मला ठाऊक आहे.

आमच्या गाडीत तेव्हा पडद्याला आवाजी हुकूम देता आला असता, असे नंतर कळले. उद्योगाचे हे ठरलेले उत्तर असते: बोट नको तर बोला. ते पूर्ण खोटे नाही. बोलताना डोळे निदान रस्त्यावर राहतात. पण डोळे रस्त्यावर असणे आणि लक्ष रस्त्यावर असणे या दोन गोष्टी आहेत. ब्रिटनच्या टीआरएल या संस्थेने २०२० मध्ये चालकांना कृत्रिम रस्त्यावर बसवून पाहिले. ॲपल कारप्ले बोटाने वापरताना प्रतिक्रियेचा वेळ ५७ टक्क्यांनी वाढला, आवाजाने वापरताना ३६ टक्क्यांनी. तुलनेसाठी त्यांनी आधीच्या अभ्यासांतले आकडे दिले होते: कायदेशीर मर्यादेइतकी दारू प्यायल्यावर १२ टक्के. वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे असे शेजारी ठेवताना हात आखडता घ्यावा, आणि ‘पडदा दारूपेक्षा वाईट’ या मथळ्यांनी तो घेतला नाही. दारू पूर्ण प्रवासभर अंगात असते, पडदा काही सेकंद. तरीही बोलण्यालाही किंमत पडते, एवढे त्यातून नक्की दिसते. युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर यांच्या गटाला तर काही यंत्रणांत हुकूम देऊन झाल्यावर २७ सेकंदांपर्यंत लक्ष पूर्ववत होत नाही, असे आढळले. हुकूम चुकीचा ऐकला गेला की माणूस पडद्याकडे बघतोच. चार माणसे बोलत असलेल्या, खिडक्यांवर पाऊस बडवणाऱ्या गाडीत तो किती वेळा बरोबर ऐकला जाईल, हा प्रश्न मी वाचकांवर सोडतो.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, हा लेखक बटणवादी आहे. तसे नाही. बटण असूनही फसणारी रचना असते, आणि पडद्याच्या टीकाकारांनी ती विसरू नये. बीएमडब्ल्यूने २००१ मध्ये सातव्या मालिकेत आयड्राइव्ह आणले: एकच गोल खटका, हाताला छान लागणारा, आणि त्यातून उघडणारे मेनूंचे जंगल. हाताला खटका सापडे, पण खटका आता कुठे नेऊन पोचवतो आहे ते डोळ्यांनीच बघावे लागे. याहून भयंकर उदाहरण जीप ग्रँड चेरोकीचे. तिच्या इलेक्ट्रॉनिक गिअरची दांडी प्रत्येक वेळी ढकलून सोडली की पुन्हा मध्ये येऊन उभी राहत असे. दांडी खरीखुरी, धातूची, मुठीत मावणारी. पण गाडी ‘पार्क’मध्ये आहे की ‘न्यूट्रल’मध्ये हे दांडीच्या जागेवरून समजत नसे. उभी केली समजून लोक उतरत आणि गाडी घरंगळत जाई. एप्रिल २०१६ मध्ये कंपनीने त्या दांडीच्या सुमारे ११ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. जून महिन्यात अभिनेता ॲंटन येल्चिन स्वतःच्या घरासमोर अशाच गाडीखाली सापडून गेला. वय २७.

म्हणून ‘पडदा की बटण’ हा वाद मला अपुरा वाटतो. हाताला जागा सापडली पाहिजे हे खरेच, पण आपण केले ते झाले की नाही हेही हाताला कळले पाहिजे. आणि आज जिथे आहे तिथेच ते उद्या असले पाहिजे. या तिसऱ्या अपेक्षेचा इतिहासात विचार करायची वेळच आली नव्हती. रात्रीत बटणे जागा बदलत नसत. डिसेंबर २०२१ मध्ये टेस्लाने गाड्यांचे सॉफ्टवेअर नवे केले आणि काचेवरची वाफ घालवणे, आसनाची ऊब असल्या रोजच्या गोष्टी एका स्पर्शाच्या जागी जास्त स्पर्शांवर गेल्या. ऐन थंडीत. मालकांनी आरडाओरडा केला. फोनवर असे बदल आपण कुरकुरत सोसतो. गाडीत ते म्हणजे चालकाने महिनोन्‌महिने कमावलेली सवय न विचारता पुसून टाकणे होय.

कायद्याचे लक्ष कुठे असते तेही पाहण्यासारखे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये टेस्लाला अमेरिकेत सुमारे २२ लाख गाड्यांसाठी ‘रिकॉल’ जाहीर करावा लागला, कारण ब्रेक आणि पार्किंगच्या इशाऱ्यांची अक्षरे नियमाच्या ३.२ मिलिमीटर उंचीपेक्षा लहान होती. सॉफ्टवेअर पाठवून अक्षरे मोठी केली, काम संपले. अक्षर किती मिलिमीटरचे असावे याला नियम आहे, म्हणून ते मोजले गेले. वायपरची गती किती स्पर्शांवर असावी याला नियम नाही, म्हणून ते मोजायला कोणी गेले नाही.

युरोपात हळूहळू माघार सुरू झाली आहे. आठव्या पिढीच्या गोल्फमध्ये फोक्सवागेनने आवाज आणि तापमानासाठी स्पर्शपट्ट्या दिल्या होत्या, आणि त्यांत दिवाही नव्हता. रात्री त्या दिसत नसत. कंपनीच्या वरिष्ठांनी ही चूक जाहीरपणे मान्य केली आणि नव्या गाड्यांत मुख्य कामांची बटणे परत आणण्याचे वचन दिले. युरो एनकॅपने २०२६ पासून पूर्ण गुण हवे असतील तर इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे आणि आपत्कालीन हाक यांना स्वतंत्र खटके असावेत अशी अट घातली आहे. हाही कायदा नाही, गुणपत्रिका आहे. पण तारे कमी झालेले कंपन्यांना परवडत नाहीत. या यादीत काचेवरची वाफ मात्र नाही. ती करणाऱ्यांपैकी कोणी आषाढात आंबेनळी चढलेला नसावा.

आपल्याकडे प्रवाह अजून उलटाच आहे. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या एक्सईव्ही ९ईमध्ये डॅशबोर्डभर १२.३ इंचांचे तीन पडदे आहेत. जुलै २०२५ मध्ये टेस्लाचे पहिले भारतीय दालन वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले. २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅपच्या पहिल्या निकषांत प्रौढांचे संरक्षण, मुलांचे संरक्षण आणि सुरक्षेला मदत करणारी उपकरणे यांना गुण होते; धडक झाल्यावर काय होईल यावर भर होता. धडक व्हायच्या आधी चालकाची नजर कुठे होती, याला गुण नव्हते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत हातात धरायच्या संपर्क साधनांचा उल्लेख आहे, आणि २०२० च्या नियमांनी रस्ता शोधण्यापुरता, लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने त्यांचा वापर चालवून घेतला. हातात न धरता डॅशबोर्डवर बसवून मिळणाऱ्या बारा इंची पडद्याबद्दल हे कलम काही म्हणत नाही.

केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्या अहवालात चालकाच्या नियमभंगाचे रकाने आहेत: अतिवेग, मद्यपान, उलट दिशेने जाणे, सिग्नल तोडणे, मोबाइलचा वापर, आणि उरलेले ‘इतर’. गाडीच्याच पडद्यात नजर अडकली होती असा अपघात यांपैकी कुठे लिहायचा? तो लिहिणाऱ्या हवालदाराच्या सोयीने अतिवेगात जाईल किंवा ‘इतर’मध्ये. रकाना नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून नियमाची मागणी नाही, आणि दोष मात्र दर वेळी चालकाच्या नावावर नीट चढतो. एवढा एक रकाना वाढवायला कागदाखेरीज काही लागत नाही.

भाच्याच्या बायकोने घाटातून परतल्यावर आपल्या परीने उपाय केला. पडद्यावर पुढच्या काचेचे चित्र जिथे येते तिथे तिने कपाळावरची एक जाडसर, खडा असलेली टिकली चिकटवून टाकली. बोट फिरवले की खडा लागतो. चापानिसचे रबरी चाक तिने कधी ऐकलेले नाही. दसऱ्याच्या सुमारास कंपनीकडून सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि एसीच्या पानाची मांडणी बदलली. टिकली अजून तिथेच आहे. तिच्याखाली आता आसनाच्या पंख्याचे चित्र येते.